खामचे पाणी, समुद्राचे विष

समुद्र दूर, म्हणून त्याच्या प्रदूषणाशी छत्रपती संभाजीनगरचा संबंध नाही, हा भ्रम आहे. शहराचे सांडपाणी खाम नदी नाथसागरात, म्हणजे गोदावरीत नेते. गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत पहिला फटका नाथसागरावर जाळे टाकणाऱ्या भोयांना. घाण कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो, मासळी गुदमरते. आणि याच जलाशयाचे पाणी शहर पिते, हे विशेष! समुद्रावरही न्याय तोच: ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांच्या टकरीत तेल सांडले; जहाजे कंपन्यांची, मासेमारी मात्र कोळ्यांची थांबली. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा, अंमल कागदावर. वाळूजचा कोणता कारखाना किती सांडपाणी सोडतो, याचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाने गावोगावच्या चावडीवर लावावेत, ही मागणी पक्षशाखांनी धसास लावावी.