हायड्रोजन ट्रक चढणीवर सुटेल का?

४ मार्च २०२५ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाखाली टाटा मोटर्सच्या १६ ट्रकांची चाचणी सुरू झाली. धूर किती घटेल, टाकी किती अंतर पुरेल, हे बातम्यांनी सांगितले. भरलेला ट्रक चढणीवर थांबला तर पुन्हा सुटेल कसा, हे मी वाचलेल्या एकाही बातमीने विचारले नाही. चंदीगढमध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. परवाणूपासून सिमल्याकडे घाटच घाट आहे.

घाटात अश्वशक्तीचा कमाल आकडा कामाचा नाही. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. मिनिटाला २५०० फेऱ्यांवर ९४ किलोवॉट देण्यास सुमारे ३६० न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. तीच शक्ती १००० फेऱ्यांवर हवी असेल तर ९०० लागतो.

‘दट्ट्याची धाव लांब, म्हणून टॉर्क जास्त’ हे लाडके उत्तरही चुकीचे आहे. घनक्षमता तीच ठेवून धाव वाढवली की दट्ट्याचे क्षेत्रफळ घटते. एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने जाते. टॉर्क ठरतो घनक्षमता आणि सिलिंडरमधील सरासरी दाब यांवर, आणि दाबासाठी हवा लागते.

हायड्रोजन इंजिनाची अडचण नेमकी इथेच आहे. नायट्रोजनची ऑक्साइडे रोखण्यासाठी त्याला गरजेच्या दुपटीहून अधिक हवा द्यावी लागते. कमी फेऱ्यांवर मात्र टर्बो फिरवण्याइतका जोर निकास वायूत नसतो. शिवाय वायू हवेच्या वाटेनेच आत सोडला तर तोच हवेची जागा अडवतो. झडप मिटल्यावर थेट सिलिंडरमध्ये फवारणी केली तर हे टळते. लहान टर्बो लवकर जागा होतो, पण जास्त फेऱ्यांवर गुदमरतो. निवड कोणतीही करा, किंमत मोजावीच लागते.

‘गिअर आहेत ना?’ आहेत. पण ते टॉर्क वाढवतात तो वेग घटवून. शिवाय सुटताना क्लच झिजतो तो वेगळाच.

या चाचणीत इंधनघटावर चालणारे ट्रकही आहेत. त्यांची विद्युत मोटर पहिल्या फेरीपासूनच भरपूर टॉर्क देते. दोन्हींना एकाच मथळ्याखाली ‘हायड्रोजन ट्रक’ म्हणणे ही वाचकाची दिशाभूल आहे.

म्हणून मागणी साधी आहे: प्रत्येक इंजिनाचा टॉर्क-आलेख १००० फेऱ्यांपासून प्रसिद्ध करा आणि एक ट्रक हिमालयाच्या घाटात पाठवा. चालकाला उत्तर तिथेच हवे आहे.