भयकथांची आणेवारी

तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून सारी हयात घालवलेल्या माणसाच्या घरी दूरचित्रवाणीचा संच आला, म्हणजे तो त्यावरील कार्यक्रमांचीही जमाबंदी करू लागतो, हे मी लातुरातील आमच्या घरी प्रत्यक्ष पाहिलेले आहे. आबा भुताखेतांच्या मालिका आम्हां मुलांइतक्याच निष्ठेने पाहत, आणि शेवटची नामावली वर सरकू लागली की अडकित्त्यात सुपारी धरून निकाल देत : "सहा आण्याचं पीक हाय. दुष्काळात बसतंय." पुढच्या आठवड्यात तेच आबा "बारा आणे" म्हणत आणि त्या रात्री ओसरीवरचा दिवा न मालवता झोपत. निर्माता तोच, वेळ तीच, पार्श्वसंगीतातला घुबडाचा घूत्कारसुद्धा तोच. मग एक भाग सहा आणे आणि दुसरा बारा आणे का?

निर्मात्याने कसूर केली, असे सरसकट उत्तर आपण देतो. ते मला अपुरे वाटते. दैनंदिन मालिकेला पात्रांच्या ओळखीचे भांडवल आयते मिळते. सासू काल जशी होती तशीच आज असते आणि प्रेक्षक तिला पाहायलाच बसलेला असतो. स्वतंत्र भयकथांच्या मालिकेला मात्र दर खेपेस नवे घर बांधावे लागते, त्यात नवी माणसे वसवावी लागतात, त्या घरातल्या भीतीचा कायदा ठरवावा लागतो, आणि प्रेक्षकाचा त्यावर विश्वास बसतो न बसतो तोच ते सारे मोडून टाकावे लागते. दर आठवड्याला नवी पेरणी करणाराचे एखादे शेत करपणारच.

'झी हॉरर शो' ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू झाला. रामसे बंधूंची ती निर्मिती, आणि 'दस्तक' ही तिच्यातली पहिली कथा. एकेक कथा कित्येक आठवडे चाले, त्यामुळे एका भागात दार करकरे आणि ते कोणी उघडले हे कळायला पुढच्या आठवड्याची वाट पाहावी लागे. त्या मालिकेला दोन महिनेही झाले नव्हते, तोच ३० सप्टेंबरला, गणपती बोळवून गावे झोपली असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसराची धरणी हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. किल्लारी आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर. पुढचे कित्येक दिवस आम्ही लातुरात अंगणात बाजा टाकून झोपत होतो. स्वयंपाकघरात पितळी डब्यांची उतरंड होती; रस्त्याने मालट्रक गेला की सर्वांत वरच्या डब्याचे झाकण किणकिणे, आणि तेवढ्यावर घरातली सारी माणसे उठून बसत.

दूरचित्रवाणी संच पुन्हा लागला तो बऱ्याच दिवसांनी. धुरातून केस पिंजारून उठणाऱ्या प्रेताला पाहून धाकटी बहीण चक्क हसली. परंतु एखाद्या भागात नुसते दार हलले की आई पडद्याकडे न पाहता त्या डब्यांकडे पाही. प्रेत करायला रंगभूषाकार पुरतो. हलणारे दार कुठे ठेवावे, हे कळायला लेखक लागतो.

लेखक मिळूनही पीक सारखे येत नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर अल्फा मराठीने 'गहिरे पाणी' दाखवली. (आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या लातूरकरांना त्या नावाचाच हेवा वाटला असेल, ही गोष्ट अलाहिदा.) मतकरींची कथा पुष्कळदा शेवटच्या वाक्यात उलटते, आणि कागदावर जे न सांगता साधते ते कॅमेऱ्यापुढे दाखवावेच लागते. नारायण धारपांचे भय याच्या उलट. ते सावकाश साचत जाते, त्याला पानेच्या पाने लागतात. महेश कोठारे यांनी धारपांच्या कथा 'अनोळखी दिशा'मध्ये आणल्या, तेव्हा ते साचणे ठराविक मिनिटांत उरकणे हेच मोठे संकट होते. अमेरिकेतील 'ट्वायलाइट झोन'चे १५६ भाग झाले, त्यांतले ९२ एकट्या रॉड सर्लिंगने लिहिले; परंतु १९६३ साली वाहिनीने अर्ध्या तासाचा भाग एक तासाचा केला तेव्हा तोच लेखक पसरट वाटू लागला, आणि पुढच्या हंगामात मालिका निमूटपणे अर्ध्या तासावर परतली. गोष्टीचे माप गोष्टीपाशीच असते. ते कार्यक्रमपत्रिकेवरून ठरवू लागले की सहा आण्याचे पीक हाती येते.

आता वाहिन्यांचा हिशेब पाहू. महसूल खात्यात जिला हल्ली पैसेवारी म्हणतात, ती आणेवारी साऱ्या गावाची काढतात. ती पन्नास पैशांच्या वर गेली की विहीर नसलेला, शिवाराच्या टोकाचा शेतकरी कागदोपत्री सुखी ठरतो. प्रेक्षकसंख्येची सरासरी तेच करते. तिच्या भयाने वाहिन्यांनी स्वतंत्र कथांच्या मालिका गुंडाळल्या आणि रोज भेटणारे एकच भुताचे घर घेतले. कोकणातल्या आकेरीच्या वाड्यातली 'रात्रीस खेळ चाले' २०१६ साली आली, तिने घराघरांत दिवे लावायला लावले, हे मी नाकारीत नाही. पण रोज बिनचूक आठ आणे पिकवणाऱ्या शेतापेक्षा एक साल सहा आणे आणि एक साल चौदा आणे देणारे शेत मला प्रिय आहे.

शिवाय मराठी भुतांनी कोकणातच का वस्ती करावी, हाही प्रश्न आहे. आमच्याकडे पडक्या गढ्या आहेत, पायऱ्या उतरता उतरता थंडी वाजावी अशा बारवा आहेत, नांदेडला नंदगिरी किल्ल्याच्या बुरुजाखालून अंधारात वाहणारी गोदावरी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम होता, आणि १२ एप्रिलला मिरजेहून आगगाडीने पाणी आले. रात्री दोन वाजता घागर घेऊन उभ्या असलेल्या रांगेत एक माणूस जास्त आहे, एवढेच एखाद्या लेखकाला सुचले तर त्याला रंगभूषाकाराची गरज पडणार नाही. असे दहा लेखक बोलावून दहा भाग करवून घ्यावेत, आणि त्यांतले सहा बुडाले तरी वाहिनीने तक्रार करू नये.

आबांनी सोळा आणे कधीच दिले नाहीत. एकदा मात्र 'गहिरे पाणी'चा एक भाग चालू असता ते मधेच उठले, माडीच्या दाराची कडी पाहून आले आणि काही न बोलता पुन्हा खुर्चीत बसले. नामावली सुरू झाल्यावर मी विचारले, "किती, आबा?"

"चौदा."

"दोन आणे कशाला कापले?"

"शेवटी सांगून टाकलं ना त्यांनी," आबा म्हणाले, आणि सुपारी कातरू लागले.