हजेरीपटाबाहेरची माणसे
आमच्या गल्लीच्या तोंडाशी पहाटे मुकादम हजेरी घेतो, हे दृश्य मी गेली वीस वर्षे पाहत आलो आहे, निदान अशी माझी समजूत होती. परंतु परवा सुधारक ओलवे यांनी टिपलेली मुंबईच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे पुन्हा हाती आली, आणि गटारात गळ्यापर्यंत उतरलेला तो माणूस पाहताच माझ्या निरीक्षणशक्तीचा अभिमान पार जमीनदोस्त झाला. १९८८ पासून वृत्तपत्रांत छायाचित्रकार म्हणून वावरलेला हा गृहस्थ, मंत्र्यांचे हारतुरे टिपून स्वस्थ बसणे सहज शक्य असताना, महापालिकेच्या या बहुतांशी दलित कामगारांच्या मागे कचऱ्याच्या गाड्यांपासून त्यांच्या घरांपर्यंत चिकाटीने गेला. २०१६ साली सरकारने पद्मश्री दिली, ती यथायोग्यच. तथापि अशी चित्रे कलादालनाच्या शुभ्र भिंतींवर टांगणे मला साफ नामंजूर आहे. त्यांची जागा गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या फर्मानाशेजारी. आमच्या अध्यक्षांना तसे सुचवले, तेव्हा भिंतीत खिळा ठोकण्यास पूर्वपरवानगी लागते, एवढेच त्यांनी गंभीरपणे सांगितले.