फोडणीआधीचा घास

बीड जिल्ह्यात घरचा कुत्रा घरच्याच चुलीवर जगतो. आष्टी-पाटोद्याकडची शेतवस्ती असो की अंबाजोगाईतली कॉलनी, त्याच्या जर्मनच्या ताटलीत कुस्करलेली भाकरी पडते आणि तिच्यावर रात्रीचं उरलेलं कालवण. कुत्र्याला भाज्या द्याव्यात असं आता बरेच पाळणारे म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण कोणती भाजी द्यायची याची जेवढी चर्चा होते, तेवढी ती पातेल्यातून कधी काढायची याची होत नाही. कुत्र्याचा वाटा फोडणी पडण्याआधीच बाजूला काढावा, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडचा धोका बहुतेक वेळा भाजीत नसतो, तो तिच्यातल्या कांद्या-लसणात असतो.

कांदा-लसणात गंधकाची जी संयुगं असतात, ती कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींवर घाव घालतात. पेशी फुटतात, रक्त कमी होतं. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात ठळक बदल दिसू लागतात. दहा किलोच्या कुत्र्याला म्हणजे दीड मोठा कांदा. चार किलोच्या पॉमेरेनियनला एक लहान कांदाही पुरतो. लसूण तर याहून तिखट विष. शिजवून, तळून, वाळवून यांचा गुण जात नाही. उलट परतलेल्या वाटणात चार कांदे वाटीभर मसाल्यात मावतात, आणि येसर आमटीच्या किंवा रश्श्याच्या तळाशी हाच गाळ साचतो. उरलेलं म्हणून कुत्र्याला मिळतं ते नेमकं हे तळाचं. शिवाय चिंचेचा कोळ आहेच. द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात, त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असा अभ्यासकांचा कयास आहे. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं.

यावर हमखास उत्तर येतं: आमच्या वाड्यातली कुत्री पिढ्यान् पिढ्या हेच खात आली, त्यांना काय झालं? पहिली गोष्ट, सगळ्यांना सारखं होत नाही. मात्रा कमी आणि कुत्रं थोराड असेल तर ते निभावून नेतं. दुसरी जास्त महत्त्वाची. कांद्याचा परिणाम खाल्ल्या दिवशी दिसत नाही, बहुधा तीन ते पाच दिवसांनी दिसतो. कुत्रं मलूल होतं, धापा टाकतं, लघवी काळ्या चहासारखी होते. तोवर सोमवारचं कालवण कुणाच्या ध्यानात राहणार? ‘उन्हानं झालं’, ‘काहीतरी चावलं’ म्हणून विषय मिटतो. ज्याची कुठे नोंदच नाही, ते घडलंच नाही असं कसं म्हणावं? आष्टी तालुक्यात कड्याच्या बाजारात कांद्याचा भाव पडला की उकिरड्यावर कांद्याचे ढीग दिसतात. तिथे तोंड घालणाऱ्या गायी-म्हशींनाही हाच आजार होतो. शेळ्या-मेंढ्या त्या मानानं तग धरतात.

दुसरा आक्षेप: कुत्रा मांस खाणारा, त्याला भाजीपाला कशाला? ‘नेचर’मध्ये २०१३ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास आला. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या भाकरीवर जगता जगता त्याचं शरीर बदललं आहे. मात्र म्हणून नुसत्या भाजी-भाकरीवर त्याचं भागत नाही. शाकाहारी घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावं: त्याला प्रथिनं लागतातच. घरात अंडं चालत नसेल तर काय द्यायचं, हे जनावरांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. भाज्या जेवणाच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नयेत.

डांगर, गाजर, श्रावणघेवडा, रताळं हे मीठ-तिखट न घालता उकडून, कुस्करून द्यावं. कुत्रा चावत नाही, गिळतो. गाजराचा कच्चा तुकडा पुष्कळदा जसाच्या तसा बाहेर पडतो. काकडी कच्ची चालते, पण आधी आपण चाखून पाहावी, कडू असेल तर फेकून द्यावी. हिरवे पडलेले बटाटे आणि टोमॅटोचा पाला नको. दाणे खाऊन टाकलेलं मक्याचं कणीस तर पुढ्यातही ठेवू नये. ते आतड्यात अडकलं की बऱ्याचदा पोट उघडावं लागतं.

आणि कुत्र्यानं कांदा खाल्लाच, तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नये, मिठानंच ते दगावू शकतं. त्याचं वजन आणि अंदाजे किती खाल्लं एवढं सांगून लगेच दवाखाना गाठावा; पहिल्या दोन तासांत डॉक्टरांना पुष्कळ करता येतं. पुढचे पाच-सहा दिवस रोज त्याचा ओठ वर करून हिरडी पाहावी. बोटानं दाबली की ती पांढरी पडते आणि सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. ती मुळातच फिकट किंवा पिवळट दिसली, तर संध्याकाळची वाट पाहू नये.