दोन तासांची शिक्षा

मला आयुष्यात पोलिसांनी एकदाच धरलं आणि त्या वेळी माझ्या हेल्मेटात सहा अंडी होती.

डोक्यावर हेल्मेट नव्हतं हे ओघानंच आलं. ते स्कूटरच्या हुकाला लटकत होतं आणि आत रद्दीच्या कागदात गुंडाळलेली अर्धा डझन अंडी. साल २०२१. त्या वर्षी १५ ऑगस्टपासून नाशकात ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ सुरू झालं होतं. नाशिककर हुशार! पंपावर एकच हेल्मेट चार डोक्यांवरून फिरायचं आणि चौघांच्याही टाक्या भरायच्या. तेव्हा सप्टेंबरात पोलिसांनी पुढचा डाव टाकला. बिनहेल्मेटवाल्याला धरायचं, ‘नाशिक फर्स्ट’ या संस्थेच्या ट्रॅफिक एज्युकेशन पार्कमध्ये न्यायचं आणि दोन तास बसवून समुपदेशन करायचं.

हवालदारसाहेबांनी माझ्या हेल्मेटात डोकावून पाहिलं.

“काका, अंड्यांची काळजी आहे, डोक्याची नाही?”

“अंडी फुटतात हो,” मी म्हणालो.

यावर ते काही बोलले नाहीत. व्हॅनकडे बोट मात्र दाखवलं.

हे पार्क मुळात पोरांना रहदारी शिकवण्यासाठी उभारलेलं. तिथे आम्ही घोडे जाऊन बसलो. एक द्राक्ष बागायतदार, एक मास्तर, एक विमा एजंट (त्यानं बसल्याबसल्या दोघांची जन्मतारीख विचारून घेतली), आणि मास्क हनुवटीवर घेतलेली कॉलेजची चार पोरं. शिकवणाऱ्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, “सिग्नल नसलेला चौक आहे, दोन्ही रस्ते सारखेच. दोन गाड्या एकदम आल्या. आधी कोणी जायचं?”

“मोठी गाडी असेल त्यानं,” बागायतदार म्हणाले.

“ज्याला घाई असेल त्यानं,” मास्तर.

“ज्याच्या काचेवर काही लिहिलेलं असेल त्यानं,” मागून एक पोरगं. वर्ग हसला, पण खरं तर तिथल्या सगळ्या उत्तरांत व्यवहाराला धरून तेवढं एकच होतं.

मी गप्प. बावीस वर्षं गाडी चालवत होतो. द्वारकेचा चौक रोज ओलांडत होतो, तो कोणत्या नियमानं हे त्या दिवशी प्रथम माझ्या मनात आलं. उत्तर असं, की उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. एवढंच. चार शब्दांत मावणारी गोष्ट मला बावीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती, आणि मीही कोणाला विचारली नव्हती.

आता माझं भांडण कशाशी आहे ते सांगतो. त्या दोन तासांशी अजिबात नाही. दोन तास झकास गेले. माझं भांडण आहे ते त्यांच्या वेळेशी. आपल्या मायबोलीत ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ हे शब्द सख्ख्या भावांसारखे शेजारी राहतात, त्यामुळे थोडा घोटाळा होतो हे मान्य. पण गुन्हा केल्यावर शिकवायचं आणि लायसन देताना काही विचारायचं नाही, हा कुठला न्याय?

माझंच लायसन घ्या. कोणत्या गावच्या कार्यालयात काढलं ते विचारू नका. वडिलांची चेतक घेऊन गेलो. आठचा आकडा काढायचा होता. साहेबांनी बशीतला चहा ओठाला लावला तेव्हा मी निघालो, बशी खाली ठेवली तेव्हा मी पास झालेला होतो. आकडा आठपेक्षा सहासारखा झाला होता, पण साहेबांनी तेवढं उदारपणे वाचून घेतलं. शिकवणारे म्हणाल तर वडील. ईदगाह मैदानावर दोन रविवार. त्यांना कोणी शिकवलं? त्यांच्या मेहुण्यानं. अशी ही आमची गुरुपरंपरा.

परिणाम होळकर पुलावर झाला. लग्नाला आठ महिने झाले होते. पहिला पाऊस पडून गेलेला, मागे सौ. बसलेली, आणि पुढचा सायकलवाला एकदम थांबला. मी सगळा जीव एकवटून पुढचा ब्रेक दाबला. पहिल्या पावसात रस्त्यावर सांडलेलं तेल वर येतं, रस्ता साबण होतो, तिथे नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला की पुढचं चाक अडकून घसरतं, हे सगळं मला त्याच संध्याकाळी प्लास्टर घालणाऱ्या मुलानं सांगितलं. सौ.चं उजवं मनगट मोडलं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारी, “कोणी ठोकलं?” त्या प्रश्नाला सहा आठवडे मला उत्तर नव्हतं.

मी बी. कॉम. आहे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर, हे गणित मला सहज येतं. डोळ्यांनी पाहिलेलं हातापर्यंत पोचायला एक सेकंद धरा. म्हणजे ब्रेकला हात लागेपर्यंत ११ मीटर गेलेच. सायकल माझ्यापुढे फार तर तीन मीटरवर होती. उदाहरण सोपं होतं. कोणी घातलंच नाही.

यावर आमच्या बँकेतले सहकारी म्हणतात, “हे पुस्तकी आहे हो. गाडी अनुभवानं येते.” हे कोण म्हणतं? तर ज्यांना कॅशला बसवण्याआधी नोटा कशा मोजायच्या, खोटी कशी ओळखायची, याचं ट्रेनिंग देऊन आणलं ते! शंभराची एक नोट इकडची तिकडे होऊ नये म्हणून शिक्षण हवं, आणि माणूस इकडचा तिकडे होऊ नये म्हणून अनुभव पुरे. अनुभव मिळतो, नाही कोण म्हणतो? पण तो उधारीवर मिळतो आणि हप्ते पुष्कळदा दुसऱ्याच्या बरगड्या भरतात.

शिकाऊ लायसनच्या परीक्षेला तर ६० टक्के उत्तरं बरोबर आली की पुरे. आमच्याकडे संध्याकाळी साठ टक्के कॅश जुळली असं मी मॅनेजरना सांगून पाहायला हवं.

बरं, सरकारला हे कळत नाही असंही नाही. त्याच २०२१ च्या १ जुलैपासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. मोटारीसाठी २९ तासांचा अभ्यासक्रम, त्यात ८ तास वर्गात आणि २१ तास प्रत्यक्ष. तिथे पास झालात तर आरटीओची चाचणी माफ. उत्तम! पण सक्ती नाही. शिकायचं तर शिका, नाहीतर मेहुणा आहेच. सक्ती आपण करतो ती हेल्मेटाची, म्हणजे पडल्यानंतर काय त्याची. पडू नये म्हणून काय, ते ज्याच्या त्याच्या हौसेवर. हेल्मेट हवंच, मी आता घालतो आणि अंडी पिशवीतून आणतो. पण डोक्यावर जेवढं लक्ष आहे तेवढं डोक्यात काय आहे याकडे द्यायला काय हरकत आहे? माझं म्हणणं एवढंच, की ते दोन तास हवालदारानं धरून आणल्यावर देण्याऐवजी लायसनच्या आधी द्या, आणि दोनाचे वीस करा.

हा विषय आमच्या घरात सध्या तापलेला आहे. कन्येला अठरा पूर्ण झाली. तिला स्कूटी हवी. शेजारचे नाना म्हणाले, “माझा माणूस आहे. नुसते कागद द्या, लायसन घरी येईल.” मी नको म्हणालो. “मग पोरीला आठ काढायला लावणार?” नानांना ते फारच निर्दयपणाचं वाटलं. मी म्हटलं, आठ काढील, नापास झाली तर पुन्हा काढील. तेव्हापासून नाना माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात आणि कन्या तेवढंही बोलत नाही.

परवा ती जेवताना जरा नरमली. म्हणाली, “बरं, नाना नकोत तर नकोत. बाबा, मग तुम्हीच शिकवा ना. इतकी वर्षं चालवताय.”

मी घास ठेवून मान ताठ केली. गुरुपरंपरा पुढे चालवायचा क्षण होता. तेवढ्यात सौ.नं पोळी वाढता वाढता उजवं मनगट माझ्या ताटावर धरलं. पावसाळी हवेत ते अजून दुखतं.

“ह्यांना सोडून,” ती लेकीला म्हणाली, “कोणाकडेही शीक.”