खिशातले राक्षस आणि माडावरचा भुंगा

बालमित्रांनो, आणि मुलांच्या आधी हे पान वाचून घेणाऱ्या आई-बाबांनो,

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आलाय. पोकेमॉन! सातवीतली एक मुलगी विचारते, "बाई, पोकेमॉनचा नवा खेळ तुम्ही बघितलात का? कसा आहे?" एका बाबांनी लिहिलंय, "मुलगा वाढदिवसाला हाच खेळ हवा म्हणून हटून बसलाय. घ्यावा का?" आणि एका आजोबांनी पोस्टकार्डावर फक्त एक ओळ लिहिली आहे, "हे राक्षस पकडून शेवटी करायचं काय?"

आजोबांसाठी आधी थोडक्यात सांगते. पोकेमॉन म्हणजे 'पॉकेट मॉन्स्टर', खिशात मावणारे राक्षस. हातात धरायच्या छोट्या यंत्रावरचा हा खेळ. गवतातून, पाण्यातून, गुहेतून चित्रविचित्र प्राणी निघतात. त्यांना चेंडूत पकडायचं, वाढवायचं, दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवायचं आणि पकडलेल्यांची यादी पुरी करायची. २७ फेब्रुवारी १९९६ला जपानमध्ये पहिला खेळ आला तेव्हा असे १५१ प्राणी होते. आता ते हजाराच्या वर गेलेत. आपल्याकडे टीव्हीवर पिकाचू आला तेव्हा मी स्वतः शाळेत होते आणि वेफर्सच्या पाकिटातून निघणारे टाझो कंपासपेटीत साठवत होते. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी अगदीच परका नाही, बरं का!

तर नवा खेळ. त्याचं नाव 'पोकेमॉन लेजंड्स: झेड-ए'. तो १६ ऑक्टोबर २०२५ला आला. माझा भाचा सुट्टीत रत्नागिरीला आला तेव्हा यंत्र बरोबर घेऊन आला होता. "मावशी, तू बघ तरी," म्हणून त्याने ते माझ्या हातात दिलं आणि मी चार संध्याकाळी खेळून बघितलं.

पूर्वीच्या खेळांत झुंज म्हणजे सापशिडीसारखी. आधी तुझी पाळी, मग माझी. आता तसं राहिलं नाही. तुम्ही हुकूम दिला की प्राणी लगेच धावतो, समोरचाही थांबून राहत नाही, आणि वार चुकवायला तुम्हालाही पळावं लागतं. भाचा यावर बेहद्द खूश. मला मात्र पाळीपाळीचंच बरं वाटायचं. विचार करायला वेळ मिळायचा आणि मध्येच दूध उतू गेलं तर उठता यायचं.

पात्रांची तोंडं हलतात, पण बोलण्याचा आवाज येत नाही. सगळं वाचायचं, आणि तेही इंग्रजीत. यात मराठी नाही, हिंदीसुद्धा नाही. भाचा एरवी इंग्रजीचा धडा वाचताना जांभया देतो. इथे मात्र अडलेला शब्द तीन-तीनदा विचारत होता. हे मला आवडलं. घरांच्या खिडक्या आणि गॅलऱ्या जवळ जाऊन बघा. भिंतीवर चित्र चिकटवल्यासारख्या सपाट दिसतात. एवढे पैसे घेता, तर गॅलरीला थोडा कठडा तरी पुढे काढायचा! अर्थात, आधीच्या मोठ्या खेळापेक्षा हे बरं. 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' ही जोडी २०२२ साली आली. त्यात हिंडायला मोकळं रान होतं, पण खेळ मध्येच अडखळायचा. तरी पहिल्या तीन दिवसांत त्यांच्या एक कोटी प्रती खपल्या. खपलं म्हणजे चांगलंच असं नसतं, हे दप्तर घ्यायला गेल्यावर आई तुम्हाला सांगतेच.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. हा अख्खा खेळ एकाच शहरात घडतो. ल्युमिओस नावाचं गोल शहर, पॅरिसवरून घेतलेलं, मध्यभागी आयफेल टॉवरसारखा मनोरा. शहर नव्याने बांधायचं काम चाललंय आणि रानटी पोकेमॉनसाठी शहरातच ठिकठिकाणी कुंपण घातलेले तुकडे राखून ठेवलेत. त्यांना 'वाइल्ड झोन' म्हणतात. कुंपण प्रकाशाचं आहे, पण कुंपणच ते. आत गेलात की प्राणी. बाहेर आलात की हॉटेलं, दुकानं, फरसबंदी.

तुम्ही म्हणाल, त्यात लागण्यासारखं काय? तर हा खेळ ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याची गोष्ट ऐका.

सातोशी ताजिरी १९६५ साली जन्मला. तोक्योजवळच्या माचिदा गावात वाढला. तेव्हा तिथे भातशेती होती, तळी होती, झाडी होती, आणि या मुलाला किड्यांचं भारी वेड! सोबती त्याला 'किड्यांचा डॉक्टर' म्हणायचे. जपानी मुलं भुंगे पकडायला झाडाच्या सालीला मध लावून ठेवत. ताजिरीने वेगळंच ताडलं. भुंगे दिवसा झोपतात आणि त्यांना दगडाखाली झोपायला आवडतं. मग तो झाडाखाली दगड ठेवून घरी यायचा आणि सकाळी जाऊन दगड उचलायचा. दगडाखाली भुंगे हजर! निरीक्षण म्हणतात ते हेच, चौथीच्या मुलांनो.

पुढे गाव वाढत गेलं. तळी बुजली, शेतात इमारती आल्या, किडे दिसेनासे झाले. ताजिरी मोठा झाला तो व्हिडिओ गेमच्या नादात. १९८३ साली त्याने त्या खेळांवर एक नियतकालिक काढलं. कसं? आपण शाळेत दरवर्षी हस्तलिखित काढतो ना, अगदी तस्सं! हाताने लिहायचं, प्रती काढायच्या, पिना मारायच्या आणि विकायच्या. नाव 'गेम फ्रीक'. केन सुगिमोरी नावाचा चित्रकार त्याला तिथेच भेटला आणि पुढे पोकेमॉनची चित्रं त्यानेच काढली. त्या हस्तलिखिताच्याच नावाची कंपनी १९८९ साली निघाली. तुमच्या शाळेचं हस्तलिखित बाई कपाटात कुलपात ठेवत असतील, तर त्यांना हे वाचून दाखवा.

त्या काळी 'गेम बॉय' नावाचं यंत्र मिळायचं. दोन यंत्रं एका वायरने जोडता यायची. ती वायर बघून ताजिरीच्या मनात आलं, यातून एक किडा चालत चालत या यंत्रातून त्या यंत्रात जातोय! बस्स. ज्या मुलांना आता भुंगा धरायला झाड उरलं नाही, त्यांच्या हातात भुंगे द्यायचे आणि ते त्यांनी एकमेकांना द्यायचे. खेळ पुरा व्हायला सहा वर्षं लागली.

आणि आजोबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी या वायरीत सापडलं. पकडून शेवटी करायचं काय? द्यायचं! पहिला खेळ 'लाल' आणि 'हिरवा' अशा दोन रूपांत निघाला, तो मुद्दाम. एकान्स नावाचा साप फक्त लालमध्ये, सँडश्रू नावाचा खवल्यांचा प्राणी फक्त हिरव्यात. कितीही हुशार असा, एकट्याने यादी पुरी होणारच नाही. शेजारच्याकडे जावंच लागणार. त्यातही कडाब्रासारखे काही प्राणी असे, की दुसऱ्याच्या यंत्रात गेल्याशिवाय त्यांचं पुढचं रूप येत नाही. म्हणजे तुमचा लाडका कडाब्रा मित्राला द्यायचा, तो तिकडे जाऊन अलाकाझाम होणार, आणि मग मित्राने तो परत द्यायचा. दिला तर! एवढा भरवसा टाकावा असा मित्र तुम्हाला आहे का, हेच तो खेळ विचारत होता.

आमच्या वर्गात याची परीक्षा गेल्या पावसाळ्यात झाली. खेळाचं यंत्र कुणाकडेच नाही, पण दहा-वीस रुपयांच्या पाकिटातली पोकेमॉनची कार्डं सगळ्यांकडे. एका मुलाने चकाकणारं कार्ड 'दोन दिवसांसाठी' दुसऱ्याला दिलं आणि दोन दिवसांनी तो म्हणाला, "कसलं कार्ड?" मधल्या सुट्टीत रडारड, डबा सांडला, पार मारामारीपर्यंत मजल. शाळेत कार्डं आणायलाच बंदी करू, असं ठरत होतं. मी म्हटलं, आठ दिवस थांबू या. फळ्याच्या कोपऱ्यात एक तक्ता आखला. कुणी, काय, कुणाला दिलं, परत कधी, आणि दोघांच्या सह्या. पहिल्या दिवशी नऊ नोंदी झाल्या. चकाकणारं कार्ड तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर, हजेरीपटात ठेवलेलं सापडलं. कुणी ठेवलं ते मी विचारलं नाही. तक्ता अजून चालू आहे. आता त्यात कार्डांपेक्षा काजूच्या बियांच्या नोंदी जास्त असतात.

म्हणूनच मला नव्या खेळाबद्दल तक्रार आहे. 'झेड-ए' एकच आहे, त्याला जोडीदार नाही. इंटरनेटवरून अदलाबदल करता येते, कुणाशीही, तोंड न बघता. आणि ही वाट काही आज सुरू झालेली नाही. २०२२च्या 'लेजंड्स: आर्सिअस'मध्ये 'लिंकिंग कॉर्ड' नावाची वस्तू आली. ती वापरली की कडाब्राचा अलाकाझाम आपल्या आपण होतो, मित्र लागतच नाही. सोयीचं आहे, मान्य! भाचा म्हणाला, "मावशी, माझ्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणाकडे हा खेळच नाही, मग मी काय करू?" खरंच होतं त्याचं. तरी वायरीची जागा पिशवीतल्या एका वस्तूने घेतली, हे काही माझ्या मनातून जात नाही.

पत्र लिहिणाऱ्या बाबांसाठी आता हिशेब. अमेरिकेत हा खेळ जुन्या स्विच यंत्रासाठी ६० डॉलरला आणि नव्या स्विच २ साठी ७० डॉलरला आला. स्विच २ हे यंत्र जून २०२५मध्ये ४५० डॉलरला निघालं. आपल्याकडे हे बहुतेक बाहेरून आणलेलंच मिळतं, तेव्हा भाव त्याहून चढाच धरा. शिवाय गोष्टीचा पुढचा तुकडा डिसेंबर २०२५मध्ये वेगळ्या ३० डॉलरला आला, आणि त्याची जाहिरात मुख्य खेळ बाजारात यायच्या आधीच सुरू झाली होती. ही रीत मला मुळीच पटत नाही. घरात यंत्र आधीच असेल आणि पाठचा भाऊ किंवा बहीण शेजारी बसून खेळणार असेल, तर खेळ चांगला आहे, घ्या. नुसत्या या खेळापायी यंत्र विकत घेऊ नका. मुलगा फुरंगटेल, पण चार दिवसच. मोबाईलवरचा 'पोकेमॉन गो' फुकट आहे. तो चालायला लावतो, आणि २०२३पासून त्यात हिंदीही आहे. पण त्यातली थांबायची ठिकाणं शहरात दाट आणि खेड्यात विरळ. वाडीवरच्या मुलाने काय करायचं?

वाडीवरच्या मुलाकडे काय आहे, ते सांगते. हेराक्रॉस नावाचा निळा शिंगवाला पोकेमॉन तुम्हाला माहीत असेल. तो जपानी मुलं पाळतात त्या शिंगाच्या भुंग्यावरून काढलाय. त्याचा चुलतभाऊ आपल्या माडावर राहतो! गेंड्या भुंगा. काळा, चकचकीत, डोक्यावर गेंड्यासारखं शिंग. माडाचा कोवळा कोंब पोखरतो, म्हणून बागायतदार त्याला लोखंडी आकड्याने ओढून काढतात. झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसल्या की समजा, स्वारी येऊन गेली. त्याच्या जाडजूड पांढऱ्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. इथे भाट्ये गावात नारळ संशोधन केंद्र आहे. शाळेची सहल तिकडे गेली तर या भुंग्याबद्दल जरूर विचारा.

अळीवरून आठवलं. पोकेमॉन रूप बदलतो त्याला खेळात 'इव्होल्यूशन', म्हणजे उत्क्रांती म्हणतात. हा शब्द चुकीचा आहे. एकाच जिवाच्या आयुष्यात अळीचा कोष आणि कोषाचं फुलपाखरू होतं, ते रूपांतरण. उत्क्रांती एका जिवात होत नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या चालते. माझ्या वर्गातल्या एकाने पेपरात 'बेडकाचं इव्होल्यूशन' असं लिहून अंडी, डिंभक, बेडूक अशी सुरेख आकृती काढली होती. आकृतीचे गुण दिले, नावाचा अर्धा कापला.

आता कॅटरपी आठवा. हिरवी अळी, डोक्यावर लाल शिंग, घाबरली की घाण वास सोडते. ही काही कल्पनेतून आलेली नाही. घराच्या मागच्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर बघा. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे पक्षी तिला सहसा खात नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, २०१५ साली जाहीर झालेलं, तेही याच कुळातलं. त्याच्या अळ्याही लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात.

अळी सापडली तर पकडून डबीत घालू नका. गवताच्या काडीने डोक्यामागे अगदी हलकेच टेकवा, एकदाच. दुभंगलेलं शिंग बाहेर येईल. त्याचा रंग कोणता, वास कशासारखा, ते लिहून पाठवा. कोष झाला तर त्या दिवसाची तारीख वहीत घाला आणि फुलपाखरू बाहेर पडलं त्या दिवसाचीही. दोघांनी मिळून बघितलं असेल तर पत्रावर दोघांची नावं हवीत.