प्रेझेंट म्हणजे हजर, मग पाणी चांगलंच की!

गेल्या उन्हाळ्यात दोन वीकेंड जव्हार-मोखाड्यात होतो. मित्राच्या ग्रुपबरोबर, पाण्याच्या टाक्या बसवायला. (म्हणजे टाक्या त्यांनी बसवल्या, मी पाइप धरून उभा होतो.) तिथे एका पाड्यावर अंगणवाडीच्या भिंतीवर विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल चिकटवलेला दिसला. सगळा इंग्रजीत. पीएच, टीडीएस, टर्बिडिटी, नायट्रेट आणि शेवटच्या ओळीत, कोलिफॉर्म: प्रेझेंट.

हंडा घेऊन निघालेल्या एका मावशींना विचारलं, यात काय लिहिलंय? त्यांनी आश्रमशाळेत जाणाऱ्या लेकीला पुढे केलं. पोरीने ओळींवरून बोट फिरवलं आणि ओळखीचा शब्द सापडल्यावर खूष होऊन म्हणाली, "प्रेझेंट म्हणजे हजर."

मावशी हसल्या. "हजर आहे ना दादा? मग चांगलंच की."

शाळेच्या हजेरीत प्रेझेंट चांगलं, प्रयोगशाळेत ॲबसेंट चांगलं. कोलिफॉर्म हजर म्हणजे पाण्यात घाण मिसळत असण्याची शक्यता. आयएस 10500 या आपल्या मानकाप्रमाणे 100 मिलिलिटर पाण्यात ते अजिबात सापडता कामा नयेत. मी मावशींना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "मग काय करू?" आणि याचं उत्तर त्या आख्ख्या कागदावर कुठेच नव्हतं.

आता माझ्या पोटापाण्याबद्दल. आमची टीम कारखान्यांतल्या टेस्ट बेंचचा डेटा दाखवणारं सॉफ्टवेअर बनवते. पंपाचं प्रेशर, बेअरिंगचं तापमान, कंपनं वगैरे. मागच्या प्रोजेक्टला आमची दोन माणसं आठवडाभर क्लायंटच्या शॉप फ्लोअरवर ऑपरेटरच्या मागे नुसती उभी होती. तो आधी कुठे बघतो, अलार्म वाजल्यावर काय करतो, वहीत काय खरडतो. याला युजर रिसर्च म्हणतात आणि क्लायंट त्याचे रीतसर पैसे मोजतो. हा ऑपरेटर शिकलेला असतो, आकडे वाचण्याचाच पगार घेतो. तरी त्याला स्क्रीन कळली नाही, तर आम्ही मुकाट्याने स्क्रीन बदलतो.

आणि मावशींना कागद कळला नाही तर? तर आपण म्हणतो, "जनजागृती कमी पडते."

हे वाक्य मला आता ऐकवत नाही. ऑपरेटर चुकला तर दोष डिझाइनचा आणि मावशी चुकल्या तर दोष मावशींचा, हा कुठला न्याय?

'खेड्यातल्या लोकांना डेटा कळत नाही' हे तर धादांत खोटं आहे. विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यावर ओटी टेस्ट करतात. थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं, की क्लोरीन आहे. 1982 साली के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली एचटूएस चाचणी बघा. बाटलीत पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर विष्ठेची घाण असण्याचा धोका. अंगणवाडीतली दंडाचा घेर मोजायची पट्टी बघा. 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल, तिथून 12.5 पर्यंत पिवळी, पुढे हिरवी. वावर-वांगणीच्या 1992-93 च्या बालमृत्यूंनी हादरलेल्या या भागात त्या लाल रंगाचा अर्थ आईला समजवायला पदवी लागत नाही. या वस्तू बनवणाऱ्यांनी वापरणाऱ्याचा विचार आधी केला, एवढाच फरक.

मग अहवाल लाल-हिरवा रंगवला की झालं? नाही मंडळी. इथेच आपण इंजिनिअर लोक माती खातो.

जंतूंमुळे लाल असेल तर पाणी उकळून पिता येतं. नायट्रेटमुळे लाल असेल तर उकळून उपयोग नाही, उलट वाफ होऊन उरलेल्या पाण्यात नायट्रेटचं प्रमाण वाढतं. रंग एकच, उपाय उलटे! आणि एप्रिल-मे महिन्यात पाड्याला एकच विहीर उरली असेल, तर "पिऊ नका" हे उत्तर नाही, ती थट्टा आहे. (मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच मोखाड्यात, कोचाळ्याजवळ आहे. आणि उन्हाळ्यात मोखाड्याचे पाडे टँकरची वाट बघतात. असो, तो वेगळा विषय.) हे सगळं हापिसात एसीत बसून सुचत नाही. विहिरीवर दोन सकाळी काढल्या की आपोआप कळतं.

1979 साली अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. कंट्रोल रूममधला दिवा विझला, म्हणून ऑपरेटरांना वाटलं व्हॉल्व्ह बंद झाला. प्रत्यक्षात तो दिवा 'बंद करायचा सिग्नल गेला' एवढंच सांगत होता. पुढे अणुभट्टीचा गाभा काही प्रमाणात वितळला. 'इतके नमुने तपासले' असं अभिमानाने दाखवणारा प्रत्येक डॅशबोर्ड म्हणजे तोच दिवा. तपासणी झाली एवढं तो सांगतो. हंडा भरणाऱ्या बाईला कळलं का, हे सांगत नाही.

2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. कल्पना झकास आहे. मग याच बायकांना अहवालाचा मसुदा आधी दाखवायला काय हरकत आहे? लॅबला हवे ते आकडे खुशाल ठेवा, मागच्या पानावर. पुढच्या पानावर मराठीत चार ओळी: कुठल्या विहिरीचं पाणी, कधी घेतलं, प्यायचं का, नाहीतर काय करायचं. मग तो कागद एका मावशींना द्या आणि विचारा, "आता तुम्ही काय कराल?" उत्तर चुकलं तर मसुदा बदला, मावशींना नाही.

यातलं काहीच अवघड नाही. आपण रोज पगार घेऊन हेच करतो, फक्त ज्यांचा क्लायंट पैसे मोजतो त्यांच्यासाठी. तुमच्यापैकी कोणी सरकारी किंवा एनजीओच्या डेटावर काम करत असेल, तर एवढं एकदा करून बघा.

मावशींनी त्या दिवशी पाणी उकळलं. पण त्यासाठी पाइप धरून उभा असलेला एक आयटीवाला तिथे असावा लागला, हे काही बरं नाही.